ऑरगॅझम म्हणजे स्खलन नव्हे

‘स्त्रियांचं स्खलन पुरुषांपेक्षा उशिरा होतं.’ आरोग्यविषयक लेखांचे अनुवाद तपासताना हे वाक्य हमखास समोर येतं आणि दर वेळी मी ते खोडते. मूळ लेखात शब्द असतो ऑरगॅझम, म्हणजे कामसुखाचा सर्वोच्च क्षण.

स्खलन म्हणजे वीर्य बाहेर पडणं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातला धातू स्खल्, म्हणजे अडखळणं, घसरणं. दरड घसरते ते भूस्खलन आणि ज्याच्या हातून चुका होतात तो स्खलनशील.

ऑरगॅझम मात्र ग्रीक ‘ऑर्गास्मोस’वरून आला. त्यामागचं क्रियापद ‘ऑर्गाओ’, म्हणजे रसाने भरून येणं, फुगणं. पिकायला आलेल्या फळाला ग्रीक लोक हे क्रियापद लावत आणि माजावर आलेल्या जनावरालाही. भाषाशास्त्रज्ञ या शब्दकुळाचं नातं संस्कृत ‘ऊर्ज्’शी जोडतात. वेदात ऊर्ज् म्हणजे रस, पोषण, बळ. आपली ऊर्जा त्याच घरातली. म्हणजे एक शब्द घसरण्याचा आणि दुसरा भरून येण्याचा! (अवयव या अर्थाच्या ‘ऑर्गन’शी त्याचा संबंध नाही, तो शब्द ‘काम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला.)

आता खरा घोटाळा. पुरुषाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी बहुधा एकाच क्षणी घडतात, म्हणून त्या एकच वाटतात. पण स्खलन हे वीर्य पुढे ढकलून बाहेर टाकण्याचं काम आहे, तर ऑरगॅझम हा मेंदूला जाणवणारा अनुभव. त्या वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू लयीत आकुंचन पावतात, सुरुवातीला साधारण 0.8 सेकंदाच्या अंतराने. ही आकुंचनं स्त्री-पुरुष दोघांतही होतात.

दोन्हींची फारकत होते तेव्हा फरक लख्ख दिसतो. प्रोस्टेट (पुरुषाच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढली म्हणून टॅमसुलोसिनची गोळी चालू झाली की काहींना वीर्य फार कमी येतं किंवा येतच नाही. डायबेटिसमध्ये किंवा प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर ते उलटं मूत्राशयात जाऊ शकतं. कर्करोगामुळे संपूर्ण प्रोस्टेट काढली तर स्खलन कायमचं थांबतं. या सगळ्यांत ऑरगॅझम मात्र येऊ शकतो. उलट, मज्जारज्जूला इजा झालेल्या काही पुरुषांत कंपन देणाऱ्या उपकरणाने स्खलन घडवता येतं, पण तो सुखाचा क्षण त्यांना जाणवेलच असं नाही. हे रुग्णाला नीट सांगितलं नाही, तर ‘माझं सगळं संपलं’ असं समजून तो जोडीदारापासून दूर होतो. म्हणून या शब्दाबद्दल मी हट्टी आहे.

स्त्रीच्या बाबतीत तर स्खलन हे माप लावणंच चूक. काही स्त्रियांना त्या वेळी द्रव येतो, बऱ्याच जणींना येत नाही, आणि ऑरगॅझम त्यावर अवलंबून नाही. गर्भधारणेलाही स्त्रीचा ऑरगॅझम लागत नाही. स्त्रीच्या कामसुखाबद्दल र. धों. कर्वे यांनी 1927 साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून मराठीत उघडपणे लिहिलं. त्यानंतर इतक्या वर्षांनीही आपण तिचं सुख पुरुषाच्या शब्दात मोजतो, याचा मला राग येतो.

मग मराठीत काय लिहावं? ‘चरमसुख’ मला आवडत नाही. ते हिंदीतून उचललेलं वाटतं. ‘कामपूर्ती’ म्हटलं की सगळं संपल्यासारखं वाटतं, आणि अनेक स्त्रियांना तर लागोपाठ एकाहून अधिक ऑरगॅझम येऊ शकतात. ‘परमोच्च क्षण’ चालेल. वात्स्यायनाने कामसूत्रात ‘रती’ या शब्दाचे पर्याय दिले आहेत ते रस, प्रीती, भाव, राग, वेग, समाप्ती. त्यातला ‘रस’ मला ऊर्ज्‌च्या सगळ्यात जवळचा वाटतो, पण आज तेवढ्यावरून कुणाला अर्थ कळणार नाही. म्हणून मी सरळ ऑरगॅझमच लिहिते, जसं डायबेटिस लिहितो तसं.

आणि त्या खोडलेल्या वाक्याच्या जागी मी लिहिते: ‘बऱ्याच स्त्रियांना ऑरगॅझमसाठी जास्त वेळ लागतो, आणि नुसत्या संभोगाने तो येईलच असं नाही, अनेकींना शिश्निकेला (क्लिटोरिसला) स्पर्श लागतो.’