आद्य ख्रिस्ती मंडळीतील स्त्री-पुरुष समानता

इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांत, विशेषतः ख्रिस्ती धर्मप्रसारक पौलाने स्थापन केलेल्या मंडळ्यांमध्ये (ख्रिस्ती श्रद्धावंतांच्या समुदायांमध्ये), उपासना व कारभारात स्त्रियांना मिळालेले स्थान. ख्रिस्ताच्या ठायी यहूदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री असा भेद उरत नाही, हे पौलाचे गलतीकरांस पत्रातील वचन (३:२८) या समानतेचा पाया मानतात. हे शब्द बाप्तिस्म्याच्या विधीत म्हटले जात असावेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

तत्त्वापेक्षा नावे अधिक बोलतात. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात आठ स्त्रिया नावानिशी येतात; शिवाय रुफाची आई आणि नीरियाची बहीण. किंख्रिया बंदरातील फीबीला पौल ‘दियाकोनोस’ (मंडळीचा सेवक; ‘डीकन’ हे पद याच ग्रीक शब्दावरून) म्हणतो. हाच शब्द तो स्वतःसाठीही वापरतो. मराठी बायबलात मात्र फीबी ‘सेविका’ होते. प्रिस्किल्ला आणि तिचा पती अक्विला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याचा नव्या करारात सहा ठिकाणी उल्लेख आहे, त्यांतील चार ठिकाणी पत्नीचे नाव आधी. रोमकरांस पत्राच्या त्याच अध्यायात ‘प्रेषितांमध्ये नामांकित’ म्हटलेली युनिया ही स्त्रीच, याबद्दल चौथ्या शतकात धर्मोपदेशक योहान ख्रिसोस्तोमला शंका नव्हती; तो तिच्या शहाणपणाची वाखाणणी करतो. पुढे मात्र तिचा ‘युनियास’ हा पुरुष करण्यात आला, आणि विसाव्या शतकातील छापील ग्रीक आवृत्त्यांतही तो बराच काळ टिकला. युनिया हे नाव रोमन शिलालेखांत शेकडो वेळा आढळते. युनियास सापडत नाही.

सुरुवातीला उपासना घरात होई आणि घर बहुधा बाईच्या हाती असे. फिलिप्पै येथे जांभळ्या कापडाचा व्यापार करणाऱ्या लुदियाने पौलाला आपल्याच घरी उतरवले. निंफेच्या घरीही मंडळी जमे. इ.स. ११२च्या सुमारास आशिया मायनरमधील बिथुनिया या रोमन प्रांताचा सुभेदार धाकटा प्लिनी याने ज्या दोन ख्रिस्ती दासींचा छळ करून जबान्या घेतल्या, त्यांना ‘मिनिस्त्रे’ (‘सेविका’ या अर्थाचा लॅटिन शब्द) म्हणत, असे त्याने सम्राट त्राजानला कळवले. गुलाम बाईकडे मंडळीतील पद होते, याची ही विरोधकाच्याच हातची साक्ष.

ही समानता मात्र सरसकट नव्हती. करिंथकरांस पहिल्या पत्रात स्त्रियांनी मस्तक झाकून प्रार्थना व संदेश सांगावा असे गृहीत धरले आहे (११:५), आणि तीनच अध्यायांनंतर त्यांना सभेत गप्प बसायला सांगितले आहे. गप्प बसण्याच्या ओळी काही हस्तलिखितांत अध्यायाच्या अखेरीस येतात, म्हणून त्या मागाहून घुसडल्या असाव्यात असे एक मत आहे. तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र तर स्त्रीने शिकवूच नये असे सांगते; ते पौलाचे नसावे, असे बहुतेक आधुनिक अभ्यासक मानतात.

मंडळी घराबाहेर पडून बिशपांच्या उतरंडीत बसू लागली, तशी स्त्रियांची कामे आखली गेली. तिसऱ्या शतकातील सिरियात बाप्तिस्म्याच्या वेळी स्त्रियांच्या अंगाला तेल लावण्यासाठी स्त्री-डीकन लागत. विवस्त्र स्त्रीला पुरुषाने हात लावणे बरे दिसत नसे. खाल्सिदोन येथील बिशपांच्या परिषदेने ४५१ मध्ये या पदासाठी किमान वय ४० ठरवले. सम्राट जस्टिनियनने ५३५ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या मुख्य चर्चसाठी अशा ४० जणींची मर्यादा घातली. पुरुष-डीकनांची होती १००.