राळेतला कीटक आणि भारताचा प्रवास

खानापूर किंवा निपाणीकडे शेताच्या बांधावरील बाभळीच्या डिंकात चिकटून मेलेली मुंगी सहज दिसते. पण डिंक पाण्यात विरघळत असल्याने पावसाळा लागला की मुंगीचाही मागमूस राहत नाही. काही झाडांच्या खोडातून पाझरणाऱ्या राळेचे तसे नाही. ती पाण्यात विरघळत नाही, तिच्यातील उडनशील घटक निघून जातात, उरलेले रेणू एकमेकांशी जोडले जातात आणि गाळाखाली लाखो वर्षे दबून राहिल्यावर तिचे अंबर होते. आतील कीटक हवा व जिवाणूंपासून बराचसा सुरक्षित राहतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पंखांच्या शिरा, अंगावरचे केस आणि संयुक्त डोळ्यांचे पैलूही दिसतात. मोठे कीटक बहुधा धडपडून सुटत असल्याने अंबरात चिलटे आणि मुंग्यांसारख्या लहान जिवांचाच भरणा अधिक असतो.

बेळगाव परिसरात अंबर मिळण्याची आशा मात्र नाही. गोकाकचा धबधबा ज्या वालुकाश्मावरून कोसळतो, तो पृथ्वीवर झाडे उगवण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीचा आहे, आणि या भागातला काळा कातळ तर थिजलेला लाव्हाच.

भारतातील सर्वांत बोलका साठा गुजरातेत, सुरत जिल्ह्यातील वस्तान आणि तडकेश्वर येथील लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणींत सापडला. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीची ही राळ शाल वृक्षाच्या कुळातील झाडांची असून, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तीतून ७०० हून अधिक संधिपाद (कीटक, कोळी यांसारख्या सांधेदार पायांच्या) प्राण्यांची नोंद झाली. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती अशी, की या राळेतील रेणूंची जोडणी सैल असल्याने ती सेंद्रिय द्रावकात विरघळवता येते आणि इतक्या वर्षांपूर्वीचा कीटक अखंड बाहेर काढता येतो.

त्याहून मोलाची आहे ती या कीटकांची साक्ष. मादागास्करपासून सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी तुटलेला भारताचा भूखंड सरकत सरकत आशियाला भिडेपर्यंत समुद्रात एकाकी होता, असे मानले जाई. तसे असते, तर येथे इतरत्र न आढळणाऱ्या कीटकांचीच गर्दी दिसायला हवी होती. प्रत्यक्षात त्यांतील अनेकांचे जवळचे नातलग युरोप, आशिया आणि अमेरिकेतही निघाले. त्यामुळे भारत आशियाला पूर्णपणे जोडला जाण्याआधीच, कदाचित मधल्या बेटांच्या साखळीवरून, कीटकांची ये-जा सुरू झाली असावी, असे संशोधकांचे मत बनले.