वेबी पुरस्कार

वेबी पुरस्कार हे संकेतस्थळे, व्हिडिओ, जाहिराती, अ‍ॅप, पॉडकास्ट, समाजमाध्यमे, गेम अशा इंटरनेटवरच्या कामासाठी अमेरिकेत दरवर्षी दिले जाणारे पुरस्कार आहेत. परीक्षण व निवड इंटरनॅशनल अकॅडमी ऑफ डिजिटल आर्ट्स अँड सायन्सेस ही १९९८ मध्ये स्थापन झालेली संस्था करते. प्रत्येक विभागात विजेते दोन असतात. परीक्षक निवडतात तो वेबी आणि सर्वसामान्यांच्या मतदानावर ठरतो तो पीपल्स व्हॉइस. कधी दोन्ही एकाच कामाला मिळतात, पण एरवी त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. कारण उघड आहे : पहिल्यात कारागिरी तपासली जाते, दुसऱ्यात चाहते मोजले जातात.

सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोत झाली. इंटरनेटला वाहिलेल्या एका छापील मासिकासाठी टिफनी श्लेन यांनी हे पुरस्कार उभे केले. पहिला सोहळा ६ मार्च १९९७ रोजी तिथल्याच बिम्बोज या नाइटक्लबमध्ये झाला. मासिक पुढे बंद पडले, पुरस्कार टिकले. २००० मध्ये तांत्रिक कामगिरीच्या विभागात वेबी आणि पीपल्स व्हॉइस हे दोन्ही गूगलने नेले. तेव्हा या कंपनीला दोन वर्षेही झाली नव्हती. त्यानंतर डॉट-कॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या अवाच्या सवा वाढलेल्या भावांचा, फुगा फुटला, अनेक कंपन्या बुडाल्या, आणि २००३ चा सोहळा सभागृहाऐवजी इंटरनेटवरच उरकावा लागला. २००५ पासून सोहळा न्यूयॉर्कला हलला. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, तो पुन्हा घरोघरीच्या पडद्यांवर आला.

वेबीची खरी ओळख मात्र पाच शब्दांच्या नियमात आहे. विजेत्याने व्यासपीठावर पाचच शब्द बोलायचे. आईवडिलांचे, सहकाऱ्यांचे, प्रायोजकांचे आभार मानायला जागाच उरत नाही, त्यामुळे लोक नेमके काही तरी शोधून आणतात. २००५ मध्ये अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांना जीवनगौरव मिळाला. २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडातल्या मतमोजणीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि ते हरले होते. ते म्हणाले, ‘प्लीज डोन्ट रीकाउंट धिस व्होट.’ मराठीत हे ‘फेरमोजणी नको’ एवढ्या दोन शब्दांत भागते. विभक्ती आणि समास शब्दातच सामावणाऱ्या भाषेला हा नियम बराच सैल पडेल. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी यांनी २००७ मध्ये ‘मला फक्त पाचच शब्द मिळणार?’ अशा अर्थाचा प्रश्न विचारला आणि त्यातच इंग्रजीतले पाचही खर्चून टाकले.

या परंपरेतला सर्वांत गाजलेला प्रसंग २०१३ चा. जिफ (GIF) हा चित्रप्रकार १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह कंपनीत तयार करणारे स्टीव्ह विल्हाइट जीवनगौरव घ्यायला आले. त्यांनी तोंडाने काहीच न बोलता पडद्यावर एक हलते चित्र दाखवले. आशय असा : त्याचा उच्चार जिफ, गिफ नव्हे. रोमन लिपीत पहिले अक्षर दोन्ही प्रकारे वाचता येते म्हणून इंग्रजीत हा वाद वर्षानुवर्षे चालू शकला. देवनागरीत ती सोय नाही. लिहितानाच ज की ग ते ठरवावे लागते. (या नोंदीत कर्त्याचे ऐकले आहे.)

पुरस्काराचे वर्ष साधारण असे चालते. प्रवेशिका शरद ऋतूत खुल्या होतात. मुदती टप्प्याटप्प्याने असतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर शुल्क चढते. नामांकने एप्रिलच्या सुरुवातीला जाहीर होतात, त्यानंतर सुमारे दोन आठवडे लोकांचे मतदान चालते, मग निकाल आणि मे महिन्याच्या आसपास सोहळा. शुल्क एका प्रवेशिकेला काहीशे डॉलर असते आणि ते विभागागणिक भरावे लागते. एकच संकेतस्थळ तीन विभागांत पाठवले तर शुल्क तिप्पट होते. मोठ्या जाहिरात संस्था असेच करतात. लहान चमूने एकच विभाग नीट निवडावा हे बरे.

विभाग चुकणे हीच सर्वाधिक महागात पडणारी चूक आहे. विभाग विषयावरूनही असतात (शिक्षण, बातम्या, पर्यटन) आणि कौशल्यावरूनही (उत्तम दृश्य-रचना, उत्तम लेखन). मजकूर भक्कम पण मांडणी साधी असलेले स्थळ दृश्य-रचनेच्या विभागात पाठवले तर ते पहिल्याच फेरीत गळते. संकेतस्थळांना सहा कसोट्या लावल्या जातात : आशय, रचना व दिशादर्शन, दृश्य-रचना, कार्यक्षमता, परस्परसंवाद आणि एकूण अनुभव. शेवटची कसोटी म्हणजे आधीच्या पाचांची बेरीज नव्हे. सगळे घटक ठीक असूनही काम लक्षात राहत नाही, असे होतेच.

दुसरी चूक अगदी साधी असते. परीक्षक काम महिनोन् महिने नंतर उघडतात. तोवर मोहीम संपलेली असते, पान उतरवलेले असते, किंवा ते ठरावीक देशाबाहेर उघडतच नाही. परीक्षणाचा काळ संपेपर्यंत दुवा चालू ठेवावा, पासवर्ड असेल तर तो प्रवेशिकेसोबतच द्यावा, आणि पान नव्या मोबाइलवर, मंद जोडणीवर एकदा तपासून पाहावे. मराठीत किंवा इंग्रजीखेरीज कुठल्याही भाषेतले काम पाठवताना व्हिडिओला इंग्रजी उपशीर्षके आणि स्थळासोबत काय, कोणासाठी, कशासाठी एवढे सांगणारी छोटी टिपण जोडावी. नाहीतर परीक्षकाला फक्त रंग आणि बटणे दिसतात.

निकालाच्या पायऱ्या समजून घेतल्या नाहीत तर दावे फसतात. प्रत्येक विभागात साधारण पाच नामांकने होतात आणि वेबी व पीपल्स व्हॉइस दोन्ही त्यांतूनच ठरतात. नामांकनापर्यंत न पोहोचलेल्या पण चांगले गुण मिळालेल्या कामांना ‘ऑनरी’ म्हणतात. हा सन्मान आहे, पुरस्कार नाही. जाहिरातीत किंवा परिचयपत्रात ‘वेबी विजेते’ असे ऑनरीने लिहिणे चूक आहे. तरी ते सर्रास दिसते.

लोकमताची बाजू कमकुवत का, हे मतदान कसे होते त्यावरून कळते. ईमेलने नोंदणी करून कोणीही मत देऊ शकतो. साहजिकच ज्याच्याकडे लाखो अनुयायी तयार आहेत, त्याला फक्त एक दुवा पाठवायचा असतो. ग्रंथालय, संग्रहालय किंवा छोट्या स्वयंसेवी संस्थेचे काम कितीही सरस असले तरी इथे ते मागे पडते. अशा संस्थांनी परीक्षकांच्या वेबीवर भिस्त ठेवावी आणि मतदानाचे दोन आठवडे नव्या वाचकांपर्यंत पोहोचण्याची संधी म्हणून वापरावेत.

टीका मुख्यतः पैशावर होते. प्रवेशाचे शुल्क, सोहळ्याचे तिकीट, जास्तीच्या स्मृतिचिन्हांची किंमत; म्हणजे पुरस्कार देणाऱ्याचे उत्पन्न घेणाऱ्यांकडूनच येते. जाहिरात व्यवसायातल्या बहुतेक पुरस्कारांची हीच रीत आहे, त्यामुळे वेबीला वेगळा दोष देता येत नाही. पण शुल्क न भरलेले उत्तम काम स्पर्धेत नसतेच, एवढे ध्यानात ठेवून यादी वाचावी.

स्मृतिचिन्ह धातूच्या गुंडाळलेल्या स्प्रिंगसारखे असते. याच संस्थेचे युरोपसाठीचे लव्ही पुरस्कार पहिल्या संगणक प्रोग्रामर मानल्या जाणाऱ्या एडा लव्हलेस यांच्या नावावरून आहेत. तिथे विजेत्याला सात शब्द मिळतात.