आवाज फाटतो तेव्हा नेमके काय होते?

लग्नाच्या हॉलमध्ये किंवा गणपतीच्या मांडवात कर्ण्याचा आवाज प्रमाणाबाहेर वाढवला, की कोणीतरी हमखास म्हणते, ‘आवाज फाटतोय, जरा कमी करा.’ रॉक संगीताबद्दल तक्रार करतानाही आपण हाच शब्द वापरतो. त्या गिटारींचा आवाज फाटका असतो आणि फाटका म्हणजे बेसूर, अशी चांगला कान असलेल्या अनेक श्रोत्यांचीही समजूत असते. यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही. फाटलेल्या आवाजात मूळ आवाजापेक्षा जास्त स्वर असतात आणि ते काटेकोर गणिती नियमाने निर्माण होतात.

मार्च १९५१ मध्ये अमेरिकी संगीतकार आयक टर्नर आणि त्याचे साथीदार मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेलहून सुमारे १२० किलोमीटरवरील मेम्फिसला, सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत ‘रॉकेट ८८’ हे गाणे ध्वनिमुद्रित करण्यासाठी निघाले. वाटेत विली किझार्ट या गिटारवादकाचा अॅम्प्लिफायर बिघडला. तो मोटारीवरून पडला असे काही जण सांगतात, पावसात भिजला असे इतर काही. फिलिप्स यांनी स्पीकरच्या शंकूत कागद कोंबला आणि त्यातून येणारा घोगरा, थरथरता आवाज लपवून न ठेवता ध्वनिमुद्रणात ठळकपणे पुढे आणला. पहिले रॉक अँड रोल गाणे कोणते, हा वाद मिटण्यासारखा नाही; पण तो निघाला की ‘रॉकेट ८८’चे नाव येतेच.

आता यामागचे भौतिकशास्त्र पाहू. गिटारची तार सेकंदाला ११० वेळा कंप पावत आहे असे समजा. अॅम्प्लिफायरने त्या तरंगाचा आकार न बदलता फक्त उंची वाढवावी अशी अपेक्षा असते. परंतु त्याला मिळणारे व्होल्टेज मर्यादित असल्याने त्या मर्यादेपलीकडे तो तरंगाला उंच करू शकत नाही. मग गोलाकार माथा छाटला जातो आणि पाचगणीच्या टेबललँडसारखा सपाट होतो. असा छाटलेला तरंगही सेकंदाला बरोबर ११० वेळाच स्वतःची पुनरावृत्ती करतो, आणि फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने दाखवल्याप्रमाणे अशा तरंगात मूळ वारंवारता आणि तिच्या पूर्णांकी पटी यांखेरीज दुसरे काही असू शकत नाही. म्हणजे छाटणीतून जे नवे उपस्वर निर्माण होतात ते २२०, ३३०, ४४०, ५५० याच पायऱ्यांवर बसतात. तरंगाची वरची आणि खालची बाजू सारखीच छाटली गेली तर फक्त विषम पटी उमटतात, एक बाजू जास्त छाटली गेली तर सम पटीही येतात. शंकूतला सैल कागद दोन्ही दिशांना सारखाच अडत नाही, त्यामुळे त्याच्या आवाजात सम आणि विषम असा दोन्हींचा भरणा असतो.

मला सर्वांत मोहवणारी गोष्ट दोन स्वर एकत्र वाजवल्यावर घडते. ११० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ११० कंपनांचा) षड्ज आणि १६५ हर्ट्झचा पंचम एकाच वेळी छाटणीतून गेले, तर त्यांचे उपस्वर तर मिळतातच, शिवाय त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही ऐकू येतात. १६५ वजा ११० म्हणजे ५५. ११० ची दुप्पट वजा १६५, पुन्हा ५५. कोणीही न छेडलेला, षड्जाच्या खालच्या सप्तकातला हा खर्ज यंत्रातून आपोआप उभा राहतो. षड्ज-पंचमाच्या ज्या जोडीला रॉक गिटारवादक पॉवर कॉर्ड म्हणतात, तिचे वजन इथून येते. तिच्यात गंधार का नसतो, याचेही उत्तर याच गणितात आहे. गिटारचे पडदे समान अंतराच्या स्वरसप्तकानुसार बसवलेले असल्याने त्यावरचा गंधार षड्जाच्या बरोबर सव्वापट, म्हणजे १३७.५ ऐवजी सुमारे १३८.६ हर्ट्झचा असतो. त्याची चौपट ५५४.४ आणि षड्जाची पाचपट ५५०, म्हणून सेकंदाला चारांहून अधिक विस्पंद, म्हणजे आवाजाचे चढउतार, पडतात. स्वच्छ आवाजात ते दबून राहतात, पण छाटणीने वरचे उपस्वर बळकट झाले की खरखर असह्य होते. पंचमाच्या बाबतीत हेच विस्पंद सुमारे पावणेतीन सेकंदांत एकदा येतात.

     

तार आणि तिचा आधार यांच्यातील अशा अडथळ्यातून स्वर श्रीमंत करण्याची कला आपल्याला परकी नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवत वादक जवारी लावतो, तेव्हा एका नेमक्या जागी तार घोडीच्या पृष्ठभागाला घासू लागते आणि सगळा तंबोरा एकदम बोलतो. तार बरोबर मध्यावर छेडली तर सम उपस्वर उमटू नयेत असा नियम आहे. तंबोऱ्यात मात्र ते ठळकपणे ऐकू येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्येच नोंदवले होते.

पुढे हा बिघाड मुद्दाम घडवला जाऊ लागला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नॅशव्हिल येथे ध्वनिमुद्रण यंत्रणेतील दोषामुळे गिटारवादक ग्रेडी मार्टिन यांच्या वादनाला असाच फाटका आवाज आला, तेव्हा तंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी तो परिणाम देणारे ट्रान्झिस्टरचे उपकरण तयार केले. लंडनमध्ये किंक्स या बँडचा गिटारवादक डेव्ह डेव्हिस याने १९६४ मध्ये स्पीकरचा शंकू चक्क ब्लेडने चिरला. छाटणीचा आणखी एक गुण या काळात वादकांच्या लक्षात आला. तारेचे कंपन ओसरत गेले तरी तरंग मर्यादेला टेकत राहतो तोवर आवाजाची पातळी जवळपास तशीच राहते, आणि छेडलेले वाद्य फुंकून वाजवल्यासारखे दीर्घ स्वर देते. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्स यांनी स्नॉडी यांच्या त्याच उपकरणातून ‘सॅटिस्फॅक्शन’ची सुरावट वाजवली, ती पुढे पितळी सुषिर वाद्यांना द्यायची होती म्हणून. त्या वाद्यांच्या जागी वाजवलेली ती गिटार तशीच तबकडीवर गेली आणि जुलैमध्ये ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.