पर्यवेक्षण (मानसोपचार व समुपदेशन)

मानसोपचारक किंवा समुपदेशक आपल्या कामाविषयी अनुभवी सहव्यावसायिकाशी ठरावीक काळाने जी चर्चा करतो, तिला पर्यवेक्षण म्हणतात. बोलताना बहुतेक जण ‘सुपरव्हिजन’च म्हणतात. मराठीत पर्यवेक्षक म्हटले की परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारणारे शिक्षक आठवतात. इथे मात्र पाळत ठेवणे हा हेतू नाही. बंद खोलीत दोघांमध्ये जे घडते, त्यातले उपचारकाच्या नजरेतून निसटलेले तिसऱ्या माणसाच्या मदतीने पाहायचे असते.

या पद्धतीला शिस्त आली ती बर्लिनमध्ये. 1920 साली माक्स आयटिंगॉन आणि एर्न्स्ट झिमेल यांनी तिथे मनोविश्लेषणाचे, म्हणजे मनात दडलेले संघर्ष बोलण्यातून उलगडण्याच्या फ्रॉइड यांच्या उपचारपद्धतीचे, चिकित्सालय सुरू केले. स्वतःचे विश्लेषण करून घेणे, सैद्धांतिक अभ्यास आणि देखरेखीखाली रुग्णोपचार ही तिथली प्रशिक्षणाची त्रिसूत्री पुढे अनेक देशांत रुजली. शिकाऊ उपचारकाचे विश्लेषण करणाऱ्यानेच त्याचे पर्यवेक्षण करावे का, यावर बर्लिन आणि बुडापेस्टच्या विश्लेषकांत मतभेद होते. बुडापेस्टच्या विल्मा कोवाच यांचे म्हणणे होते, करावे. बर्लिनने दोन्ही कामे वेगळी ठेवली.

अमेरिकी मनोविश्लेषक हॅरॉल्ड सर्ल्स यांनी 1955 मध्ये मांडलेले निरीक्षण या विषयाचा गाभा म्हणावे असे आहे. रुग्ण आणि उपचारक यांच्यातले ताण पर्यवेक्षणाच्या बैठकीतही उमटतात. ‘काहीच उपयोग नाही’ म्हणत प्रत्येक सूचना झटकणाऱ्या माणसाबद्दल सांगता सांगता उपचारक स्वतःच पर्यवेक्षकाची प्रत्येक सूचना झटकू लागतो. मग पर्यवेक्षकाला वाटणारी हतबलता हीच त्या रुग्णाबद्दलची माहिती ठरते. यालाच समांतर प्रक्रिया म्हणतात.

चर्चेसाठी उपचारक टिपणे आणतो, किंवा क्लायंटच्या परवानगीने केलेले ध्वनिमुद्रण. नाव-गाव झाकलेले असते. बैठक एकास एक असते किंवा गटात होते.

प्रशिक्षणकाळात पर्यवेक्षकच गुण देणारा असेल, तर विद्यार्थी नेमकी चुकलेली सत्रे लपवतो. वडीलधाऱ्यांपुढे ‘माझे चुकले’ किंवा ‘मला पटत नाही’ म्हणायला कचरणाऱ्या आपल्या वर्गांत हा धोका अधिकच.

‘ब्रिटिश असोसिएशन फॉर काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी’च्या मान्यताप्राप्त सदस्यांना महिन्याला किमान दीड तास पर्यवेक्षण घ्यावे लागते, मग अनुभव कितीही वर्षांचा असो. भारतात चिकित्सा मानसशास्त्राच्या एम.फिल.मध्ये देखरेखीखालचे काम अनिवार्य होते. स्वतंत्र व्यवसाय सुरू झाल्यावर मात्र ते चालू ठेवण्याची कायदेशीर सक्ती नाही. त्यामुळे एकट्याने काम करणारे अनेक समुपदेशक समवयस्कांचे छोटे गट करतात किंवा स्वतःच्या खर्चाने ऑनलाइन पर्यवेक्षक शोधतात.