देशांची आपत्ती जोखीम आणि तिचं मोजमाप

भूकंप, वादळ, पूर, दुष्काळ यांच्यामुळे कुठल्या देशाला किती फटका बसू शकतो हे एका आकड्यात बसवायचं आणि मग सगळे देश एका यादीत ओळीने लावायचे, याला आपत्ती जोखीम निर्देशांक म्हणतात. 'जगातले सगळ्यात धोकादायक देश' असल्या हेडलाइन दरवर्षी येतात त्या याच याद्यांवरून, पण धोका वेगळा आणि जोखीम वेगळी हे हेडलाइन लिहिणारा बहुतेक वेळा विसरतो. भूकंप हा धोका. तो निर्जन वाळवंटात झाला तर जोखीम जवळपास काहीच नाही, कारण मरायला माणूस नाही आणि पडायला घर नाही. म्हणून हिशोबात तीन गोष्टी येतात, धोका किती मोठा, त्याच्या तावडीत किती लोक आणि मालमत्ता (याला एक्स्पोजर म्हणतात), आणि ते लोक कितपत तग धरू शकतात.

तिसरी गोष्ट किती महत्त्वाची आहे ते २०१० सालीच दिसलं. जानेवारीत हैतीमध्ये ७.० तीव्रतेचा भूकंप झाला, मृतांचे अंदाज साधारण १ लाखापासून ३ लाखांच्या वरपर्यंत जातात. फेब्रुवारीत चिलीमध्ये ८.८ चा झाला, म्हणजे ऊर्जा सुमारे ५०० पट, शिवाय त्सुनामी आली ती वेगळीच, तरी तिथे मृत्यू ५०० च्या आसपास. आता हैतीचा भूकंप राजधानीच्या अगदी जवळ आणि उथळ होता हेही खरंय, सगळं श्रेय चिलीच्या बांधकामाला देऊन चालणार नाही, पण १९६० च्या ९.५ तीव्रतेच्या भूकंपाचा अनुभव गाठीशी असलेल्या चिलीत बांधकामाचे नियम कडक होते आणि हैतीत तसलं काही नव्हतं.

सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते वर्ल्ड रिस्क इंडेक्सचं, जर्मनीतून २०११ पासून निघतो. एक्स्पोजर एकीकडे, व्हल्नरेबिलिटी (म्हणजे तग धरण्यात देश किती कमकुवत; गरिबी, आरोग्य सेवा, सरकारी यंत्रणा वगैरे) दुसरीकडे, आणि आता दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढतात. साधी सरासरी का नाही? समजा एका देशाचं एक्स्पोजर ६४ आणि व्हल्नरेबिलिटी ४ आहे, साधी सरासरी येते ३४, पण ६४ गुणिले ४ म्हणजे २५६, त्याचं वर्गमूळ १६. म्हणजे एक बाजू भक्कम असली की एकूण आकडा चांगलाच खाली येतो, आणि ते बरोबरच आहे.

गंमत अशी की २०२१ पर्यंत या यादीत पहिला नंबर वानुआतूचा असायचा, पॅसिफिकमधला छोटासा द्वीपदेश. २०२२ ला पद्धत बदलली, लोकसंख्येच्या टक्केवारीसोबत धोक्यात असलेल्या लोकांची प्रत्यक्ष संख्यापण मोजायला लागले, आणि फिलिपिन्स, भारत, इंडोनेशिया वर आले, वानुआतू पहिल्या दहातसुद्धा राहिला नाही. तिथला समुद्र शांत झाला नव्हता, फक्त फॉर्म्युला बदलला होता! त्यामुळे २०२१ आणि २०२२ चे रँक शेजारी ठेवून कोणी 'परिस्थिती सुधारली' म्हणत असेल तर सरळ दुर्लक्ष करा.

दुसरा आहे इन्फॉर्म, युरोपियन कमिशनचं संशोधन केंद्र सांभाळतं, ० ते १० स्कोअर. यात युद्ध आणि हिंसाचारपण धरतात, त्यामुळे सोमालिया, दक्षिण सुदान वर दिसतात. मदत कुठे लागेल हे ठरवायला तो बनवलाय, त्यामुळे ते चूक म्हणता येत नाही, पण वर्ल्ड रिस्क इंडेक्सशी तुलना करायला जाऊ नका.

जर्मनवॉच या जर्मन संस्थेचा क्लायमेट रिस्क इंडेक्स उलट मागे बघतो, म्हणजे आधी झालेलं नुकसान मोजतो, आणि भूकंप त्यात नाहीतच. मागे बघण्याची अडचण म्हणजे एकच मोठी घटना अनेक वर्षांच्या सरासरीवर बसून राहते. २००८ च्या नर्गिस वादळात म्यानमारमध्ये लाखाच्या वर लोक गेले आणि २०००-२०१९ च्या यादीत म्यानमार दुसरा.

नुकसान कशात मोजायचं हा आणखी एक घोळ. २०१७ ला मारिया वादळाने डॉमिनिकाचं जीडीपीच्या २२६ टक्के नुकसान केलं, रक्कम मात्र १३० कोटी डॉलरच्या आसपास. जपानला २०११ च्या भूकंप-त्सुनामीत २०० अब्ज डॉलरच्या वर फटका, पण जीडीपीच्या मानाने तीन-चार टक्के. डॉलरमध्ये मोजलं की श्रीमंत देश वर, टक्क्यात मोजलं की छोटी बेटं वर.

मुळात डेटाच अर्धवट असतो. बेल्जियममधला ईएम-डॅट हा सगळ्यात जास्त वापरला जाणारा डेटाबेस, त्यात नोंद व्हायला किमान १० मृत्यू, १०० बाधित, आणीबाणी जाहीर होणं किंवा बाहेरच्या देशांकडे मदत मागणं यातलं एक तरी लागतं. दरवर्षी गावोगाव येणारे छोटे पूर त्यात बसत नाहीत, आणि उष्णतेने झालेले मृत्यू जिथे नीट नोंदवलेच जात नाहीत तिथे ते शून्य दिसतात. शिवाय अख्ख्या देशाला एकच आकडा दिला की किनारपट्टी आणि हजार किलोमीटर आतलं पठार एकाच पारड्यात पडतं, म्हणून इन्फॉर्मसारख्यांनी आता काही ठिकाणी देशाच्या आतल्या प्रदेशांसाठी वेगळे निर्देशांक करायला घेतलेत.