टँकर युद्ध (१९८४–८८)

इराण–इराक युद्धाच्या काळात पर्शियन आखातात तेलवाहू जहाजांवर झालेले हल्ले. या लढ्याचे मूळ तेलाच्या वाटांत होते. इराकचे आखातातील तेल भरण्याचे धक्के युद्धाच्या सुरुवातीलाच निकामी झाले आणि १९८२ मध्ये सीरियाने आपल्या हद्दीतली तेलवाहिनी बंद केली. तरी तुर्कस्तानमार्गे इराकची निर्यात चालू राहिली. इराणचे जवळजवळ सगळे तेल मात्र खार्ग बेटावरून, समुद्रानेच निघे. १९८४ पासून इराकी विमाने खार्गला येणाऱ्या टँकरांवर एक्झोसे क्षेपणास्त्रे डागू लागली. सूड घ्यायला इराकची जहाजेच समुद्रात नव्हती. म्हणून इराणने इराकला पैसा पुरवणाऱ्या कुवेत व सौदी अरेबियाकडे ये-जा करणाऱ्या जहाजांना लक्ष्य केले. आखातातून बाहेर पडण्याची एकमेव वाट असलेली होर्मुझची सामुद्रधुनी अडवली असती, तर आधी इराणचीच निर्यात थांबली असती.

भरलेला टँकर सहसा बुडत नाही. त्याचा सांगाडा अनेक टाक्यांत विभागलेला असतो आणि काठोकाठ भरलेल्या कच्च्या तेलाला पेटायला हवा मिळत नाही. खरा धोका रिकाम्या टाक्यांत साचलेल्या वाफेचा. म्हणून बॉयलरचा धूर धुऊन, थंड करून तो टाक्यांत सोडतात व तेथील प्राणवायू ८ टक्क्यांच्या आत ठेवतात. टाकीला भोक पडले की हे संरक्षण संपते. माणसे मरत ती मुख्यतः जहाजाच्या मागच्या भागात, जिथे इंजिन आणि खलाशांच्या खोल्या असतात. इराणी वेगवान नौका तिथेच रॉकेटे मारत. लॉइड्स या लंडनच्या विमाबाजाराच्या मोजणीनुसार ५४६ व्यापारी जहाजांना फटका बसला आणि सुमारे ४३० खलाशी मृत्युमुखी पडले. यांतले बहुतेक दोन्ही देशांचे नागरिकही नव्हते, हे विसरता कामा नये.

खार्गवरचे हल्ले टाळायला इराणने तिथले तेल भाड्याच्या टँकरांनी दक्षिणेकडे सिर्री बेटापर्यंत नेऊन तिथे ग्राहकांच्या जहाजांत भरायला सुरुवात केली. १९८६ मध्ये इराकी विमाने सिर्रीपर्यंत पोहोचली, तेव्हा हा अड्डा होर्मुझजवळच्या लारक बेटावर हलवावा लागला.

आरमारांना सर्वाधिक सतावले ते स्वस्त पाणसुरुंगांनी. १९८७ मध्ये कुवेतच्या ११ टँकरांवर अमेरिकी ध्वज चढवून युद्धनौकांचे संरक्षण देण्यात आले. २४ जुलैला पहिल्याच काफिल्यातील ‘ब्रिजटन’ हा टँकर फारसी बेटाजवळ सुरुंगावर आदळला. सुरुंग काढणारी जहाजे सोबत नव्हती. जखमी टँकर पुढे आणि त्याच्या रक्षणाला आलेल्या, पातळ पत्र्याच्या युद्धनौका त्याच्या मागोमाग, असा तो काफिला कुवेतला पोहोचला. १४ एप्रिल १९८८ रोजी ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्स’ ही अमेरिकी युद्धनौका सुरुंगाने फुटली, पण खलाशांनी ती बुडू दिली नाही. चार दिवसांनी अमेरिकेने इराणच्या नौदलावर व सागरी तेलमंचांवर हल्ला केला. ऑगस्ट १९८८ मधील युद्धविरामानंतर हे हल्ले थांबले.